गठ्ठ्याचं रबर कोणी सोडायचं?

पत्र: ‘‘आदरणीय बाई, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी सहा वर्षांपासून आहे. तिसरी-चौथी मिळून एकोणतीस मुलं माझ्याकडे बसतात. ‘कृतीतून शिकवा’ हे प्रशिक्षणात ऐकून मी मनापासून साहित्य तयार केलं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, ते सुटू नयेत म्हणून वर चिकटपट्टी लावली. फरशीवर संख्यारेषा रंगवली. परिसर अभ्यासाचे छोटे प्रयोग स्वतः करून दाखवतो. मुलं खूश असतात. पण वहीत 52 − 27 दिलं की अर्धा वर्ग 35 लिहितो. चौथीतली एक मुलगी आईबरोबर आठवडी बाजारात भाजी विकते, तिथे सुट्टे पैसे चोख परत करते, आणि वहीत तिचंही उत्तर 35! प्रयोगानंतर ‘काय कळलं?’ विचारलं तर ‘मजा आली’ एवढंच उत्तर. पालक म्हणतात पोरं नुसती खेळतात, मुख्याध्यापक म्हणतात भाग पूर्ण करा, चाचणी आली. शासनाकडून आलेली गणिताची पेटी कपाटात कुलूपबंद आहे, कारण एक ठोकळा हरवला तरी डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, काय दाखवायचं? हे सगळं गुंडाळून सरळ फळा-खडूवर यावं का?’’

सर,

फळ्याकडे जरूर या, पण येताना काड्या बरोबर घेऊन या. आणि त्याआधी एक काम करा. गठ्ठ्यांवरची ती चिकटपट्टी काढून टाका.

तुमच्या पत्रात एवढं सगळं आहे, पण मी त्या चिकटपट्टीपाशीच अडकले. सुट्टीचा दिवस घालवून तुम्ही एकेक गठ्ठा बांधला असणार, त्यामागची माया मला दिसते. पण सगळी गोमही तिथेच आहे. पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या समोर ठेवून एखाद्या मुलाला म्हणा, यातून सत्तावीस मला दे. तो झटकन दोन गठ्ठे उचलून देईल. मग सात काड्या द्यायच्या. हातात दोनच. इथे तो थांबतो, तुमच्याकडे बघतो, गठ्ठ्याकडे बघतो, परत तुमच्याकडे बघतो. हे थांबणं म्हणजेच हातच्याची वजाबाकी. त्याचं बोट रबराकडे जातं आणि तो विचारतो, ‘‘सर, हा सोडू?’’ त्या घटकेला त्याला दशक म्हणजे काय ते कळलेलं असतं. मग रबर निघतं, दहा काड्या दोनात मिसळतात, बारा होतात, त्यातल्या सात जातात, पाच उरतात. गठ्ठे राहिले दोन. पंचवीस.

चिकटपट्टी लावलेला गठ्ठा सुटत नाही. मूल मग करतं काय, तर सातातून दोन वजा करतं, कारण मोठ्यातून लहान जातं एवढंच त्याला पक्कं ठाऊक असतं. तेच ते तुमचे 35. मुलं चुकलेली नाहीत, त्यांना जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. रबर सोडायचं काम तुम्ही त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

तर गठ्ठे मुलांना बांधू द्या. खराट्याचे हीर एकसारखे कापून घ्या, एका खराट्यात अख्ख्या वर्गाचं भागतं. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे आडवे काप काढले की रबरं फुकटात होतात, आणि बाजारातल्या रबरांसारखी ती महिन्याभरात तटतट तुटत नाहीत. पहिले दोन दिवस नुसतं मोजणं आणि बांधणं. कोणाच्या गठ्ठ्यात नऊ निघतील, कोणाच्या अकरा. निघू द्या. शेजारच्याचा गठ्ठा तपासायचं काम मुलांइतकं कडक कोणी करत नाही.

आता वही. ही गोष्ट प्रशिक्षणात सांगायची राहून जाते असं माझं मत आहे, आणि त्याचा राग मला अजून येतो. काड्यांचा तास वेगळा आणि वहीचा तास वेगळा असं झालं, की मुलाच्या डोक्यात ते दोन निरनिराळे विषय होतात. एक मजेचा, एक गणिताचा. काडी हलली की पेन्सिल हलली पाहिजे. गठ्ठा सोडला, की लगेच वहीत 5 वर काट मारून वर 4 लिहायचं आणि 2 च्या डोक्यावर 12. जोडी लावा: एकाने काड्या हलवायच्या, दुसऱ्याने त्याच वेळी लिहायचं आणि मोठ्याने बोलायचं, ‘‘एक गठ्ठा सोडला, चार राहिले, सुट्ट्या बारा झाल्या.’’ पुढच्या उदाहरणाला अदलाबदल. पाच-सहा दिवसांनी काड्या रुमालाखाली झाका आणि फक्त बोलून करायला लावा. ज्याला अडेल त्याने रुमाल उचलावा, त्यात लाजायचं काही नाही. मग एक दिवस असा येतो की रुमाल कोणी उचलतच नाही, आणि तेव्हा काड्या बाजूला ठेवायच्या. त्या जन्मभर धरून बसायच्या नसतात.

एक गंमत करून बघा. तुमच्या तिसरीला ‘बावन्न’ लिहायला सांगा. दोन-तीन वह्यांत 25 सापडेल. आपल्या मराठीत ‘बा’ आधी येतो आणि ‘वन्न’ मागून, पण लिहिताना पाच आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशीही वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीवर लोकांनी तोंडसुख घेतलं. मराठी बुडाली म्हणे. माझ्यापुरतं सांगते, काड्या समोर असताना मी दोन्ही म्हणवून घेत असे: गठ्ठ्यांवर हात ठेवून ‘पन्नास’, सुट्ट्यांवर ठेवून ‘दोन’, आणि दोन्हींवर मिळून ‘बावन्न’. मराठीचं काही बिघडलं नाही, वजाबाकीचं मात्र सुधारलं.

गणिताच्या पेटीचं. ती आधी उघडा. वापरून तुटलेल्या वस्तूची नोंद करता येते, निर्लेखनही होतं, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर काढून टाकता येते, मुख्याध्यापकांशी एकदा बसून ते ठरवून घ्या. न वापरता दहा वर्षांनी उंदराने कुरतडलेल्या पेटीचंही निर्लेखनच करावं लागतं, हे त्यांना हळूच सांगा. फक्त क्रम लक्षात ठेवा. पेटीतला दशकाचा दांडा अखंड असतो, तो सुटत नाही, त्याच्या बदल्यात दहा ठोकळे घ्यावे लागतात. ही बदलाबदली सोडण्यापेक्षा अवघड आहे. म्हणून आधी रबराचे गठ्ठे, मग दांडे, मग दहाच्या नोटा आणि एकाची नाणी. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसतसुद्धा नाहीत, ते मनात धरावे लागतात. तिथवर पोचलेल्या मुलाला वहीतला 5 पन्नास आहे हे पटायला वेळ लागत नाही.

साहित्यावर पैसे खर्चू नका. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांतल्या मुलांना शिकवलं ते पानं, बिया, शंख-शिंपले, खडे घेऊन. मॉन्टेसरीचं महाग साहित्य तिथे परवडणार नव्हतं, आणि पोरांच्या हाताला ते ओळखीचंही नव्हतं. अरविंद गुप्ता आयआयटीतले इंजिनियर, पुण्याला टेल्कोत नोकरीला होते. 1978 मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या यांतून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी त्यांनी हेच काम वर्षानुवर्षं केलं. काड्यांचा त्रिकोण दाबून बघा, हलत नाही. चौकोन दाबला की लगेच तिरका होतो. हे चौथीच्या मुलाच्या हातात एकदा देऊन बघा आणि मग पत्र्याच्या शेडखाली उभं करून वरच्या कैच्या दाखवा. त्यात त्रिकोणच का, ते पोरंच सांगतील.

आता विज्ञान. इथे मला तुमच्याशी जरा भांडायचं आहे. ‘प्रयोग स्वतः करून दाखवतो’ असं तुम्ही लिहिलंय. एकोणतीस मुलं बघतात, एक माणूस करतो. याला आमच्याकडे जादूचे प्रयोग म्हणतात आणि जादू बघून ‘मजा आली’ याखेरीज माणूस म्हणणार तरी काय?

पण तुम्हाला बोलायच्या आधी माझी फजिती सांगते. ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. मी वर्षानुवर्षं शिकवत आले की प्राणवायू जळून गेला, तो हवेचा पाचवा भाग, म्हणून त्याच्या जागी पाणी आलं. फळ्यावर 1/5 लिहून त्याखाली रेघसुद्धा मारायची. एका वर्षी एक मुलगी घरी गेली आणि तिने दोन मेणबत्त्या लावून तेच केलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, ‘‘बाई, पाणी जास्त वर आलं. दोन मेणबत्त्यांना जास्तीचा प्राणवायू कुठून मिळाला?’’ माझी बोलती बंद. वर्गातच परत केलं, एक, दोन, तीन मेणबत्त्या. ती खरं सांगत होती. शिवाय एक दिसलं, जे इतक्या वर्षांत मी बघितलंच नव्हतं: ज्योत पेटती असताना पाणी फारसं चढत नाही, विझल्यावर झपकन चढतं. आणि ग्लास टेकवताना कडेने बुडबुडे बाहेर येतात. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर पडते. विझल्यावर आतली हवा निवून आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. जास्त मेणबत्त्या, जास्त उष्णता, म्हणून जास्त पाणी. प्राणवायू वापरला जातो हे खरं, पण त्याच्या जागी दुसरे वायू तयार होतात, नुसती पोकळी राहत नाही. एवढी वर्षं मी चुकीचं शिकवलं, कारण प्रयोग माझ्या ताब्यात होता आणि मी एकच मेणबत्ती लावत होते. (काडी ओढायचं काम मात्र चौथीतही आपल्याकडेच ठेवा. तिथे हौस नको.)

म्हणून सोपी रीत. आधी अंदाज, तोही वहीत लिहून. मग हात पाण्यात.

तरंगणं-बुडणं घ्या. पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येकाला एक बादली किंवा घमेलं. खिळा, स्टीलची वाटी, खडा, सोडणासकट नारळ, संत्रं. प्रत्येक वस्तूपुढे ‘तरंगेल’ किंवा ‘बुडेल’ लिहून घ्या, आणि पुढे ‘कारण’. कारणाच्या रकान्यात सगळीकडे ‘जड आहे’ आणि ‘हलकं आहे’ येईल. येऊ द्या, दुरुस्त करू नका. मग नारळ तरंगतो आणि बोराएवढा खडा तळाला जातो. गलका होईल, तोही होऊ द्या. खिळा बुडतो, वाटी लोखंडाचीच की, ती तरंगते. एखादा म्हणेल वाटी चपटी आहे म्हणून. दुसरा म्हणेल आत हवा आहे म्हणून. वाटी तिरकी करून पाणी भरू द्या, ती बुडू द्या. शेवटी संत्रं: सालासकट तरंगतं. आता सोला. अंदाज परत लिहा. साल काढल्यावर संत्रं हलकंच झालं ना, मग तरंगायलाच हवं! आणि ते बुडतं. त्या क्षणी जे तोंड होतं ना वर्गाचं, त्यासाठी मी पस्तीस वर्षं नोकरी केली. सालीच्या आतल्या पांढऱ्या भुसभुशीत थरात हवा असते, हे त्यांनी साल चिमटीत दाबून पाण्याखाली धरली की बुडबुड्यांत सापडेल. तुम्ही सांगू नका. घनता हा शब्द तर चौथीत अजिबात आणू नका, तो पाठ होईल आणि विचार तिथेच थांबेल. संत्रं आदल्या दिवशी घरी सोलून, बुडवून बघून घ्या, एखादं दगा देतं. दगा दिला तर मुलांसमोर दिला तरी बिघडत नाही म्हणा, दुसरं सोलायचं.

तास संपताना ‘काय कळलं?’ विचारू नका. हा प्रश्न मोठ्या माणसालाही धड उत्तर देता येणार नाही असा आहे. ‘कोणाचा कोणता अंदाज चुकला, आणि आता तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा. चुकलेला अंदाज सांगायला जो पहिला उठेल त्याची पाठ थोपटा. पुढच्या वेळी पाच उठतील.

दोन वर्ग एकत्र आहेत हे मी विसरलेले नाही. रोज बादल्या काढायच्या नाहीत, आठवड्याला असा एक तास पुष्कळ झाला. गणितात मात्र काड्या रोज. तिसरी काड्यांवर असेल तेव्हा चौथी वहीत, नंतर उलट. चौथीची दोन मुलं तिसरीच्या गटात बसवा, ‘काही करून द्यायचं नाही, नुसतं विचारायचं’ अशी तंबी देऊन. ती तंबी पाळली जात नाही, पण निम्मी तरी पाळली जाते.

पालकांना भाषण देऊ नका. सभेला कागदाच्या गोल भाकऱ्या कापून ठेवा आणि आजोबांच्या पिढीतलं कोणी असेल तर त्यांना मान द्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, त्यांनी पाठ केलेले असतात. आपल्या घराघरांत पाव, पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द रोजचे आहेत, आणि पुस्तकात पाच छेद चार आलं की आपलीच मुलं दचकतात. आईच्या हातात पाच पाव-भाकऱ्या द्या आणि मुलाला विचारा किती झाल्या. ‘सव्वा’ म्हणेल. मग तेच फळ्यावर लिहा. आपल्या मुलाने उत्तर दिलं आणि ते आपल्या स्वयंपाकघरातलं होतं, हे बघितलेला पालक ‘नुसती खेळतात’ म्हणायला जरा कचरतो. सगळे नाही, पण काही जण तरी.

मुख्याध्यापकांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. सराव लागतोच. काड्यांनी समजतं, हाताला वळण सरावानेच लागतं. पण तीस उदाहरणांचं पान कोणालाच नको असतं, म्हणून चौथीला कापरेकरांची वाट दाखवा. दत्तात्रेय कापरेकर देवळालीला शाळेत शिकवत होते, आपल्यातलेच एक. 1949 मध्ये त्यांना सापडलं की चार अंकी कोणतीही संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक लावून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं परत तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येऊन थांबतं. 3524 घ्या: 5432 − 2345 = 3087. मग 8730 − 0378 = 8352. मग 8532 − 2358 = 6174. मुलांना शेवटचा आकडा सांगू नका, प्रत्येकाला आपली संख्या निवडू द्या. सगळ्यांचं एकच उत्तर आलं की कॉपी केली म्हणून एकमेकांवर आरोप सुरू होतील. ज्याचं येत नाही तो आपली चूक स्वतःच हुडकतो, कारण ते यायलाच हवं. हातच्याच्या डझनभर वजाबाक्या होऊन जातात आणि कोणी कुरकुरत नाही.

आणि ती बाजारातली मुलगी. तुमच्या पत्रात मला ती सगळ्यांत आवडली. तिला फळ्यापाशी बोलवा, टेबलाची गाडी करा, चार टोमॅटो ठेवा. तुम्ही गिऱ्हाईक. सत्तावीस रुपयांची भाजी घ्या, पन्नासची नोट द्या आणि वर दोनाचं नाणं ठेवा. बाजारात बायका देतात तसं, सुट्ट्याची कटकट नको म्हणून. ती क्षणात वीस आणि पाच काढून देईल. ‘‘कसं केलंस?’’ विचारा. बहुतेक ती म्हणेल, सत्तावीसला तीन घातले तीस, वीस घातले पन्नास, आणि वरचे दोन. तिची रीत फळ्यावर तिच्या शब्दांत लिहा, शेजारी 52 − 27 उभं मांडा, आणि वर्गाला विचारा, हिने गठ्ठा कुठे सोडला?

मला उत्तर माहीत नाही असं समजून ते काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहून पाठवा. विशेषतः तिने काय सांगितलं ते.

तुमची,
बाई